पथ्यानें राखलेली बुद्धि

१९३४ सालची गोष्ट. नॉर्वे देशांतील ऑस्लो शहरीं एक आई आपलीं दोन मुलें घेऊन डॉ. आस्ब्यर्न फोलिंग ह्यांजकडे गेली. मुलगी साडेसहा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. जन्मलीं तेव्हां दोन्ही मुलें इतर अर्भकांसारखींच होतीं. पुढें मात्र मुलीला मोजक्या शब्दांपलीकडे बोलतां येईना, आणि मुलाला तर बोलणें, चालणें, स्वतःच्या हातानें घांस घेणें, ह्यांपैकीं कांहींच साधेना. अनेक वैद्यांचे उंबरठे झिजवून झाले होते. तरी एकाच घरांत दोन्ही मुलांची अशी गत कां व्हावी, आणि दोघांच्याही अंगाला कुबट वास कां यावा, हे प्रश्न त्या माउलीनें सोडले नव्हते.

फोलिंग हे वैद्य तसेच रसायनज्ञही होते. त्यांनीं मुलांच्या मूत्रांत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकतांच तें गर्द हिरवें झालें. सर्व औषधें बंद करवून पुन्हां पाहिलें, रंग तोच. आई आठवड्यांमागून आठवडे नमुने आणून देत राहिली, आणि त्यांतून फोलिंग ह्यांनीं फिनिलपायरुव्हिक आम्ल वेगळें काढलें. नंतर त्यांनीं मंदबुद्धि रुग्णांच्या संस्थांतील ४३० जणांची तपासणी केली; त्यांत आणखी आठ जण तसेच निघाले. ह्या विकारालाच पुढें फिनिलकीटोन्यूरिया हें नांव मिळालें.

आतां ह्या लांबलचक नांवामागें काय दडलें आहे तें पाहूं गेल्यास गोष्ट तशी सोपी आहे. दूध, डाळ, अंडीं, मासे ह्यांतील प्रथिनें पोटांत गेल्यावर त्यांचीं अनेक आम्लें होतात. त्यांतील एकाचें नांव फिनिलअॅलनिन. शरीराला लागतें तेवढें तें वापरलें जातें, आणि उरलेल्याचें रूपांतर यकृतांतील एक विकर दुसऱ्या उपयुक्त द्रव्यांत करतें. हें विकर घडविण्याची आज्ञा बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत असते. ती आज्ञाच बिघडली म्हणजे फिनिलअॅलनिन रक्तांत सांचत जातें आणि वाढीच्या वयांतील कोंवळ्या मेंदूला इजा करतें. जें दूध इतर बाळांना अमृत, तेंच ह्या बाळाला मुक्यानें अपाय करीत असतें.

असा दोष मुलाच्या अंगीं उतरण्यास तो आई व बाप दोघांकडूनही यावा लागतो. दोघांजवळ एक जनुक बिघडलेलें व एक चांगलें असतें. म्हणून त्यांची स्वतःची प्रकृति निकोप राहते. त्यांच्या प्रत्येक अपत्याला मात्र हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. युरोपांत सुमारे दहा हजार जन्मांमागें एक मूल असें निघतें. मामेबहिणीशीं लग्न करण्याची चाल जेथें आहे, तेथें अशा विकारांचा संभव वाढतो. परंतु आईनें ग्रहण पाहिलें, अमुक खाल्लें, तमुक केलें, म्हणून मूल असें झालें, हें बोलणें निव्वळ अन्यायाचें होय.

फोलिंग ह्यांनीं कारण सांगितलें. इलाज मात्र त्या दोन मुलांच्या वाट्यास आला नाहीं. तो येण्यास आणखी एक आई हट्टास पेटावी लागली. १९५१ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथील मुलांच्या रुग्णालयांत सुमारे दोन वर्षांची एक मुलगी होती. तिला उभें राहतां येत नसे. ती सदा कण्हे, रडे आणि डोकें आपटी. डॉ. हॉर्स्ट बिकेल ह्यांनीं रोगाचें निदान केलें, पण आईला नुसतें नांव नको होतें. ती रोज सकाळीं प्रयोगशाळेच्या दाराशीं उभी राहून उपाय विचारी. अखेर बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, लुई वुल्फ ह्या रसायनज्ञाच्या सल्ल्यानें, दुधांतील प्रथिनाचें विघटन करून व तें कोळशांतून गाळून जवळजवळ फिनिलअॅलनिनरहित अन्न तयार केलें. कांहीं महिन्यांत मुलगी रांगूं लागली, उभी राहिली, खुर्चीवर चढूं लागली. डोळ्यांत तेज आलें आणि डोकें आपटणें थांबलें.

हा गुण पथ्याचाच की काय, हें पाहण्यासाठीं वैद्यांनीं आईच्या नकळत तिच्या अन्नांत फिनिलअॅलनिन मिसळलें. दुसऱ्या दिवसापर्यंत ती पुन्हां रडूं लागली, डोकें आपटूं लागली. थोड्याच दिवसांत उभें राहणेंही गेलें. आईला न विचारतां केलेली अशी परीक्षा आज कोणी योग्य म्हणणार नाहीं. परंतु अन्न व बुद्धि ह्यांचा संबंध तिनें निःसंशय ठरविला.

तरीही मेंदूला झालेली हानि पथ्यानें पुरती भरून निघत नाहीं. म्हणून पथ्य जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांतच सुरू व्हावयास हवें. अमेरिकेंतील रॉबर्ट गथ्री ह्यांनीं टाचेंतून काढलेल्या रक्ताच्या एका थेंबावरून रोग ओळखण्याची स्वस्त रीति शोधली. त्यांचा स्वतःचा मुलगाही मंदबुद्धि होता. १९६३ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें ही तपासणी कायद्यानें सक्तीची केली. भारताच्या २०२१ सालच्या दुर्मिळ रोगांच्या राष्ट्रीय धोरणांतही, विशेष आहारानें सांभाळावयाच्या विकारांत ह्या रोगाचा समावेश आहे.

निदानानंतर खरी कसोटी लागते ती स्वयंपाकघरांत. आईचें दूध मापून द्यावें लागतें, बाकीचें पोषण खास तयार केलेल्या भुकटीनें करावें लागतें. पुढें साबुदाणा चालतो, पण खिचडींतील शेंगदाणा चालत नाहीं. फळ चालतें, पेढा चालत नाहीं. भात-पोळी मोजून, वरण जवळजवळ वर्ज्य. पथ्य पुष्कळ पाळलें म्हणून तें सोडून चालत नाहीं. रक्ताची तपासणी वारंवार करून तें जन्मभर सांभाळावें लागतें. अशा घरीं लाडानें बर्फीचा तुकडा पुढें करणाऱ्या आजीला आधीं समजावून सांगावें लागतें, आणि भावंडांच्या पानांतलें आपल्या पानांत कां नाहीं, हें मुलालाही लहानपणींच उमजावें लागतें.

ज्यांचें निदान उशिरां झालें, त्यांना सोडून द्यावें असें मात्र नाहीं. उशिरां सुरू केलेल्या पथ्यानेंही पुष्कळांची तळमळ व चिडचिड कमी होते. बटण लावणें, पेला उचलणें, आपलें नांव ओळखणें, अशा एकेका कामाची रोज ठराविक वेळीं पुनःपुन्हां संवय दिली, तर पुष्कळ मुलें आपल्या परीनें पुढें सरकतात. शेजारच्या मुलाशीं त्यांची तुलना करण्यांत अर्थ नसतो. कालच्या त्यांच्याशींच आजच्या त्यांची तुलना करावी.

वैद्य, रसायनज्ञ आणि कायदे करणारे, ह्या सर्वांना ह्या कामीं यश आलें, त्याचा आरंभ प्रयोगशाळेंत झाला नव्हता. आपल्या मुलांच्या अंगाला येणारा वास एका आईनें क्षुल्लक मानला नाहीं, तेथें तो झाला होता.