नेमप्लेट वाचणारी मुलं

आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींबद्दल घरात, शाळेत आणि कधी कधी खुद्द संस्थेतही एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अभ्यासात डोकं चालत नाही, निदान हाताला काही काम तरी लागू दे.’ वाचन-लेखन वेगळं आणि हातकाम वेगळं, असं आपण धरूनच चालतो. वर्कशॉपमध्ये दोन तास उभं राहिलं तर हा समज टिकत नाही.

वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या वर्गात एखादी जुनी थ्री-फेज मोटर टेबलावर येते. पहिलं काम स्क्रू खोलण्याचं नसतं. नेमप्लेटवरची धूळ आणि ग्रीस चिंधीनं पुसायचं, मोबाइलचा उजेड तिरका धरायचा आणि पुसट अक्षरं वाचायची. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम, जोडणी डेल्टा. पोल किती, हे पुष्कळदा प्लेटवर नसतंच. ते वाचणाऱ्यानं काढायचं. ५० हर्ट्झला चार पोलच्या मोटरचा चुंबकीय वेग १५०० भरतो, मोटर स्लिपमुळे त्याच्या थोडी मागे राहते, म्हणजे १४४० ची मोटर चार पोलची. प्लेटवर ९६० असतं तर सहा पोल. आणि स्टार जोडणीची मोटर कुणी न वाचता त्याच व्होल्टेजवर डेल्टात जोडली, तर वाइंडिंगवर १.७३ पट व्होल्टेज पडतं आणि ती जळते. इतक्या कमी अक्षरांतून इतका अर्थ काढणं आणि चुकलं तर लगेच धूर दिसणं, असं वाचन आपण बीएच्या वर्गातही करून घेत नाही.

वेल्डरचंही तसंच. रॉडच्या पाकिटावरचा ई-६०१३ हा आकडा म्हणजे एक आखूड मजकूरच आहे. ६० म्हणजे जोडाची ताणशक्ती, दर चौरस इंचाला ६० हजार पौंड. पुढचा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही स्थितीत चालणारा रॉड. शेवटच्या आकड्यावरून वरचं कोटिंग आणि करंट कळतो. फिटर ड्रॉइंग वाचतो. आपल्याकडच्या फर्स्ट अँगल पद्धतीत वरून दिसणारं दृश्य कागदावर खाली काढलेलं असतं. ते मनातल्या मनात फिरवून घेतल्याशिवाय कानशीचा पहिला हातही मारता येत नाही.

मग वाचन-लेखनाचा प्रश्न येतो कुठून? माझ्या मते तो येतो जर्नलमधून. उद्देश, साहित्य, हत्यारं, कृती, घ्यावयाची काळजी अशी त्याची ठरलेली चौकट. मजकूर फळ्यावरून उतरवलेला, नाही तर मागच्या बॅचच्या वहीतून. वीस जणांच्या वर्गात वीस वह्यांत तीच वाक्यं असतात. ज्यानं जॉब तीनदा बिघडवून चौथ्यांदा साधला त्याची वही आणि ज्यानं कानस धड धरलीच नाही त्याची वही सारखीच दिसते. थिअरीची परीक्षा पर्यायी प्रश्नांची, संगणकावर. म्हणजे दोन वर्षांत स्वतःच्या कामाबद्दल स्वतःचं एक वाक्य लिहायची वेळ विद्यार्थ्यावर येईलच असं नाही. पुढे कारखान्यात मात्र त्याच्यापुढे जॉब कार्ड येतं, तपासणीचा तक्ता येतो, ब्रेकडाउन रजिस्टर येतं. त्यात ‘मशीन बंद पडलं’ एवढं लिहून भागत नाही. केव्हा, कुठल्या आवाजानंतर, काय बदललं, पुढच्या पाळीनं काय बघावं, हे सगळं मोजक्या ओळींत उतरवावं लागतं.

ब्रिटनमध्ये लँकेस्टर आणि स्टर्लिंग विद्यापीठांच्या अभ्यासकांनी २००४ ते २००७ या काळात तिथल्या व्यावसायिक महाविद्यालयांत हाच विषय धरला. रॉझ इव्हॅनिच आणि सहकाऱ्यांचं पुस्तक २००९ मध्ये आलं. विद्यार्थी वर्गाबाहेर भरपूर वाचतात-लिहितात, पण एकमेकांच्या सोबतीनं, चित्र आणि मजकूर मिसळून, स्वतःच्या गरजेपुरतं. महाविद्यालयातलं वाचन-लेखन मात्र बरंचसं एकट्यानं करायचं आणि मूल्यमापनासाठी केलेलं. ही दरी शिक्षकांनी नेहमीच्या तासात छोटे बदल करूनही कमी करता येते, असा त्यांचा रोख होता.

आपल्याकडची मुलंही हे करतातच. कंट्रोल पॅनेलचा फोटो काढायचा, त्यावर बोटानं लाल गोल मारायचा, ‘सर इथे स्पार्क होतोय, स्टार्टर चालू केल्यावरच’ असं लिहून ग्रुपवर टाकायचं. जागा, लक्षण, वेळ, तिन्ही त्या एका ओळीत आहेत. हा दोष-अहवालच झाला. तो वहीत उतरला, की जर्नलला जीव येईल.

साहित्याची उणीव आहे, असंही नाही. जर्मनीच्या मदतीनं १९८६ मध्ये चेन्नईत उभ्या राहिलेल्या संस्थेची, आजच्या ‘निमी’ची, ट्रेडची पुस्तकं मराठीतही मिळतात. पण पुस्तकातली मोटर स्वच्छ असते आणि तिची प्लेट वाचता येते. खऱ्या कामाचे मळके, खाडाखोड झालेले कागद वर्गात फारसे येत नाहीत आणि मुलांना सवय हवी ती त्यांचीच.

शिल्प निदेशकांवर आधीच हजेरी, ऑनलाइन नोंदी आणि परीक्षांचं ओझं आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून मागणं छोटं ठेवतो. प्रत्येक जॉबच्या पानावर तीनच गोष्टी मुलानं स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात: ड्रॉइंगमधलं माप किती होतं, हाती आलं किती आणि फरक का पडला. भाषा मराठी असो, हिंदी असो की इंग्रजी शब्द मिसळलेली; शुद्धलेखन नंतर बघता येईल. ‘०.२ जास्त गेलं, कारण गुण्या न लावता कानस मारली’ हे वाक्य फळ्यावरून उतरवलेल्या पानभर मजकुरापेक्षा मोलाचं आहे आणि गुण त्यालाच मिळायला हवेत.

आणि ज्यांचं वर्कशॉप, गॅरेज किंवा छोटा कारखाना आहे अशा वाचकांना एक विनंती. वापरून झालेली जॉब कार्डं, जुन्या मशीनचं मॅन्युअल, भरलेल्या ब्रेकडाउन रजिस्टरची चार पानं, गिऱ्हाइकाचं नाव झाकून, जवळच्या आयटीआयला नेऊन द्या. रद्दीच्या भावात त्यांचे फार पैसे येत नाहीत. वर्गात मात्र ती वर्षानुवर्षं वाचली जातील.