गाणे परत येते तेव्हा

वस्तीत आरोग्याच्या कामाला गेलो की आम्ही झोप, भूक, बीपी, साखर विचारतोच. घरात कुणी मनाने खचलेले असेल तर आणखी एक प्रश्न विचारतो : हल्ली गाणे ऐकता का? गुणगुणता का? बायका आधी हसतात. मग एखादी थांबून सांगते, "ताई, भांडी घासताना तोंडात गाणे असायचेच. कधी बंद झाले, कळलेच नाही."

नैराश्य म्हणजे नुसते रडणे नव्हे. कित्येकांना रडूही येत नाही. आवडत्या गोष्टींची चव जाते, ही या आजाराची मोठी खूण आहे. भीमगीतांच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. बाहेरची ढोलकी त्याच्या कानावर पडते, पण मनापर्यंत पोचत नाही. चिंतेच्या आजारात बरेचदा उलटे होते. छातीत धडधड, हातापायांना घाम, आता काहीतरी वाईट होणार अशी भीती, आणि त्यात डीजेचा दणका सुरू झाला की माणूस कान दाबून मोरीत जाऊन बसतो. घरचे म्हणतात, हिला जयंतीचाही त्रास होतो! त्रास जयंतीचा नसतो, त्या आवाजाचा असतो. (डीजेबद्दल आमचे मत विचाराल तर वामनदादा कर्डकांना भिंती हादरवायची गरज कधी पडली नाही. असो.)

असे दोन आठवड्यांहून जास्त चालले, झोप बिघडली, कामात मन लागेना, तर तो आळस नव्हे, नाटकही नव्हे. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतूनही ‘बाहेरचे झाले’ म्हणून गंडेदोरे बांधायला नेतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते. त्यात जातात ते दिवस पेशंटचेच असतात.

गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्या दिवशी माणूस हसू लागेल अशी घरच्यांची अपेक्षा असते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. या मधल्या काळात ‘काही फरकच नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. पण फरक बारीक असतो आणि पेशंटला स्वतःला तो सगळ्यांत शेवटी कळतो. घरच्यांना मात्र तो गाण्यातून दिसू शकतो.

आधी ‘तो रेडिओ बंद करा’ हे म्हणणे थांबते. मग शेजारच्या घरातून येणाऱ्या गाण्याकडे कान जातो. एखाद्या दिवशी आई आपणहून म्हणते, "याची चाल अशी नव्हती, बदलली यांनी." हे वाक्य ऐकले की आम्हाला बरे वाटते. कारण चूक पकडायला लक्ष लागावे लागते, आठवण लागते, आणि आपले मत सांगावेसे वाटावे लागते. तिन्ही गोष्टी आजाराने नेलेल्या होत्या.

पुढे कधी गाणे ऐकताना डोळ्यांत पाणी येते. घरचे घाबरतात, पुन्हा बिघडली म्हणतात. पुष्कळदा हे बिघडणे नसते, गोठलेले मन सैल होत असते. रडून झाल्यावर हलके वाटले, चार घास जास्त गेले, तर काळजी नको. दिवसभर रडणे थांबेना, ‘मी कशाला जगू’ अशी भाषा आली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

माणसांत परत यायला विहारातली वंदना सोपी पडते. तिची लय संथ, शब्द पाठ, आणि सगळे एका आवाजात म्हणतात. आवाज फुटला नाही तरी ओठ हलवता येतात. शिवाय लांब ओळ म्हणताना श्वास सावकाश बाहेर सोडावा लागतो. चिंतेत श्वास आखूड आणि भराभर होतो, त्याला याने आवर बसतो. वर्षावासात संध्याकाळी ग्रंथवाचन असते, तेव्हा अशा माणसाला मागे दाराजवळ बसू द्या. उठून जावेसे वाटले तर जाऊ द्या.

‘पूर्वी किती छान गायचीस, गा ना’ असा आग्रह करू नका. चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला भगवान बुद्धांनी वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तरी वीणा नीट वाजत नाही, फार सैल सोडली तरी नाही. हा दृष्टांत साधनेविषयीचा आहे, आजाराविषयीचा नाही. पण बरे होणाऱ्या माणसाच्या घरात तो रोज उपयोगी पडतो.

गाणे फसवतेही. स्टेजवर खड्या आवाजात गाणारा माणूस आतून ठीकच असेल असे धरून चालू नये. 1997 साली घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्यांच्या मरणाला ‘आजार’ म्हणून मोकळे होणे हा अन्याय ठरेल, ती जखम अख्ख्या समाजाची होती. पण इतरांना बळ देणाऱ्या गायकाला ‘तू कसा आहेस?’ असे विचारायला आपण विसरतो, हेही खरे. मरणाचे विचार येतात का, असे सरळ विचारावे. विचारल्याने ते मनात भरत नाहीत, उलट सांगायला वाट मिळते.

दुसरी फसगत अशी. गप्प माणूस अचानक रात्र रात्र गाऊ लागला, झोप नाही तरी थकवा नाही, पैसे उधळतो, बोलणे थांबत नाही. घरचे खूश होतात. ही उन्मादाची सुरुवात असू शकते. डॉक्टरांना लगेच कळवा, गोळ्या बदलाव्या लागतात.

गाणे हा गोळ्यांना पर्याय नाही. कॉक्रेन या संस्थेने 2017 साली जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला. नैराश्याच्या नेहमीच्या उपचाराला संगीतोपचाराची जोड दिली तर निदान थोड्या काळापुरता जास्त फायदा होतो, असे त्यात दिसले. जोड दिली तर, हे लक्षात घ्या. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बरे वाटल्यानंतरही त्या बहुधा सहा महिने तरी घ्याव्या लागतात.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. जाणे जमत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या सरकारी नंबरावर चोवीस तास फुकट बोलता येते, मराठीतही.

आणि ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून सोबत जाणाऱ्याने चार दिवस आधीपासून लक्ष ठेवावे. ‘बरी आहे’ एवढेच सांगू नका. "मागच्या वेळी रेडिओ लावू देत नव्हती, आता सकाळी स्वतः लावते, पण संध्याकाळी बंद करते", असे सांगा. संध्याकाळी काय होते, हे डॉक्टर मग पुढे विचारतील.