चालू हप्त्यावरची गाडी : जबानीवर नको, कागदावर घ्या

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा कापडाच्या गावांत टेम्पोशिवाय धंदा चालत नाही. सुताची बाचकी आणणे, कोरे कापड डाईंगला पोचवणे, तागे बाजारात नेणे, सारे त्याच्यावरच. नवी गाडी प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून आपल्यात एक रिवाज पडला आहे. ज्याला हप्ते झेपत नाहीत तो गाडी दुसऱ्याला देतो. घेणारा थोडी रक्कम रोख देतो आणि उरलेले हप्ते भरण्याचे कबूल करतो. स्टॅम्पपेपरवर नोटरी होते, चावी हातात पडते आणि दोघेही समजतात की सौदा पुरा झाला. प्रत्यक्षात कायद्याच्या नजरेत काहीच झालेले नसते.

आधी घेणाऱ्याचे पाहू. समजा, त्याने एक लाख रोख दिले आणि साडेबारा हजारांचे चोवीस हप्ते भरले. म्हणजे चार लाख गेले. पण आर.सी. पहिल्याच्या नावावर, कर्जाचे खातेही त्याचेच. हप्ते फिटल्यावर फायनान्स कंपनी नाहरकत दाखला त्यालाच देणार. तोवर त्याची नियत फिरली, तो गाव सोडून गेला किंवा त्याचा इंतकाल झाला, तर सहीसाठी वारसांच्या दारी फेऱ्या माराव्या लागतात. मध्येच हप्ते थकले आणि कंपनीने गाडी ओढून नेली, तर तुम्ही कंपनीच्या लेखी कोणीच नाही.

देणाऱ्याची जोखीम तर याहून मोठी आहे. हप्ता चुकला की त्याच्या खात्यावरचा चेक किंवा ई-मँडेट परत जातो, नोटीस त्याच्या घरी येते, जामीनदारही अडकतो. सिबिल खराब झाल्यावर पुढे मागासाठी कर्ज मागायला गेला तर बँक नकार देते. अपघाताचेही तसेच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात निकाल दिला. पहिल्या मालकाने गाडी विकली होती, पुढे ती आणखी काही हातांतून गेली होती, पण आर.टी.ओ.त नाव त्याचेच राहिले होते. विमा नसलेल्या त्या गाडीच्या अपघाताची भरपाई न्यायालयाने नोंदीतल्या मालकावरच टाकली. नोटरीचा कागद अशा वेळी ढाल होत नाही.

मग रस्ता कोणता? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ प्रमाणे हायर-परचेस, लीज किंवा हायपोथिकेशनच्या गाडीचे नाव फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय बदलत नाही. म्हणून पहिला पाय आर.टी.ओ.त नव्हे, कंपनीच्या दारात टाकावा.

एक मार्ग असा की, बाकी किती ते कंपनीकडून लेखी मागावे. घेणाऱ्याने ती रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरावी. कंपनीकडून नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५ घेऊन एच.पी. उतरवावी आणि फॉर्म २९ व ३० वर नाव बदलावे.

एकरकमी पैसा नसेल तर दुसरा मार्ग. कंपनीला कर्जच घेणाऱ्याच्या नावावर करण्याची विनंती करावी. ती कबूल करणे कंपनीच्या मर्जीवर आहे. कंपनी उत्पन्नाचे कागद आणि नवा जामीनदार मागू शकते. कबूल झाल्यास नवा करार होतो, जुना कर्जदार मोकळा होतो आणि आर.सी.वर फॉर्म ३४ ने नवी नोंद चढते. जुन्या कर्जदाराने व त्याच्या जामीनदाराने आपली सुटका झाल्याचे पत्र मागून घ्यावे. गाडी खऱ्या अर्थाने लीजवर असेल तर ती लीज कंपनीच्या मालकीची असते; तिच्या परवानगीशिवाय ती दुसऱ्याला देण्याचा हक्क आपल्याला नाही.

मुदती ध्यानात ठेवा. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा नावावर करून घेण्याचा अर्जही घेणाऱ्याने १४ दिवसांत द्यावा. तो न दिल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. माल वाहतुकीचे परमिट असेल तर तेही परवानगीशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. थकलेला कर आणि चलने सौद्याआधीच तपासा.

काही बांधव म्हणतील, आपल्याच माणसाशी व्यवहार, त्यात एवढा कागद कशाला? पण कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे, आणि ती परक्यांपुरती नाही. कागद म्हणजे अविश्वास नव्हे. उद्या दोघांपैकी एक नसला तरी दुसऱ्याचा हक्क बुडू नये, यासाठी तो असतो. आज ज्यांच्या दारात दुसऱ्याच्या नावाची गाडी उभी आहे, त्यांनी समोरचा माणूस हयात आणि राजी आहे तोवरच त्याला घेऊन फायनान्स कंपनीत जावे.