सुकाणूची तक्रार आणि तिची भाषा

कल्याणच्या खाडीतील एखाद्या जुन्या यांत्रिक नौकेच्या सुकाणूचा सिलिंडर दुरुस्तीसाठी विठ्ठलवाडीतील लेथवर आला आहे, अशी कल्पना करावी. नौका अर्थातच खाडीत राहिली आहे. विठ्ठलवाडी हे कल्याणनंतर कर्जतच्या दिशेने लागणारे स्थानक. तेथून जाणारी वालधुनी नदी नौकानयनाच्या उपयोगाची नव्हे. कारागिरासमोर दोनच गोष्टी आहेत : एक तेलकट नळकांडे आणि ते आणणाऱ्याच्या तोंडचे एक वाक्य, ‘सिलिंडर गेला.’

मराठीत बल्ब जातो, फ्यूज जातो, बॅटरी जाते. या ‘जाणे’ क्रियापदाने वस्तूचे कार्य संपले एवढेच कळते. ते कसे संपले, एकाएकी की हळूहळू, हे कळत नाही. शिवाय ते तक्रारीच्या वेषातील निदान असते. बोलणाऱ्याच्या हाताला जे जाणवले ते वगळले जाते, आणि त्याने त्यावरून काढलेला तर्क तेवढा पुढे जातो. द्रवचालित सुकाणूच्या बाबतीत हा तर्क वारंवार चुकतो. त्याचे कारण यंत्राच्या रचनेतच आहे.

‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’पासून आलेला. वस्तूही तितकीच जुनी. परंतु तिला वळविण्यासाठी तेलाचा उपयोग करणे हे अलीकडचे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कालचे तत्त्व त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाले, आणि ब्रामा याने १७९५ साली आपल्या दाबयंत्राचे एकस्व घेतले. नौकेत चालक चक्र फिरवितो तेव्हा चक्रामागील लहान पंप तेल ढकलतो; ते दोहोंपैकी एका नळीतून मागे जाते, सिलिंडरातील दट्ट्या सरकवते आणि दट्ट्याचा दांडा सुकाणू वळवितो. दुसऱ्या नळीतून तेवढ्याच मार्गाने तेल परत येते. सुकाणूवरील पाण्याचा जोर उलट येऊन चक्र फिरवू नये म्हणून पंपापाशी झडपा असतात. सारांश, चालकाचा हात आणि सुकाणू यांच्यामध्ये तेलाचा एक स्तंभ आहे. तो अखंड असेल तरच हाताची आज्ञा मागे पोहोचते.

ती पोहोचली नाही तर काय होते, हे सांगण्याची फारशी गरज नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान नौका घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर आदळली आणि १५ जणांचे प्राण गेले. इंजिनातील बिघाडामुळे नियंत्रण सुटले, असे नौदलाने सांगितले. तो प्रसंग सुकाणूच्या तेलाचा नव्हे. पाण्यावर ब्रेक नसतो, एवढेच त्यावरून लक्षात घ्यावयाचे.

आता चालकाचा हात प्रत्यक्षात काय सांगू शकतो ते पाहू. ‘चक्र लिबलिबीत लागते’ आणि पूर्वीपेक्षा अधिक फेरे मारावे लागतात, असे असेल तर तेलात हवा आहे; हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही. ‘चक्र जड लागते’ ही तक्रार निराळी. अशा वेळी धक्क्याला बांधलेल्या नौकेत दांडा सुकाणूपासून सोडवून चक्र फिरवावे. ते हलके झाले तर दोष तेलात नसून सुकाणूच्या गंजलेल्या खुंटीत आहे, आणि सिलिंडर विठ्ठलवाडीला नेण्याचे श्रम व्यर्थ आहेत.

‘चक्र सरकते’ ही तक्रार सर्वांत फसवी, कारण बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही. सुकाणू एका टोकाला पूर्ण वळल्यावरही चक्र जोर दिल्यास हळूहळू फिरतच राहते. मराठीत गळणे आणि पाझरणे यांत भेद आहे. पण दोन्ही क्रिया बाहेरच्या. आतल्या आत, दाबाच्या बाजूकडून मोकळ्या बाजूकडे जाणाऱ्या तेलासाठी सुटसुटीत क्रियापद नाही, आणि कदाचित म्हणूनच ‘गेला’ येथे धावून येतो. तेल दोन ठिकाणी निसटू शकते : दट्ट्याच्या झिजलेल्या सीलपाशी किंवा पंपाच्या झडपांत. निवाडा सोपा आहे. पंपापाशी दोन्ही नळ्या काढून तोंडांना दाब सोसणारी धातूची बुचे घट्ट बसवावीत आणि चक्रावर बेताने जोर द्यावा. चक्र अडले तर पंप निर्दोष, संशय सिलिंडरावर. तरीही सरकत राहिले तर ‘गेला’ तो सिलिंडर नव्हेच.

जुन्या नौकेत आणखी एक दोष संभवतो. रबरी नळीचा आतील थर सुटून पडद्यासारखा लोंबतो. तेल एका दिशेने जाते, दुसऱ्या दिशेने अडते. त्यामुळे एका बाजूला वळताना चक्र सहज फिरते, दुसऱ्या बाजूला कष्टाने. येथे घाईने निष्कर्ष काढू नये. ज्या सिलिंडरात दांडा एकाच बाजूने बाहेर येतो त्यात दोन्ही बाजूंना लागणारे तेल मुळातच असमान असते, आणि फेऱ्यांची संख्याही थोडी वेगळी येते. तो दोष नव्हे.

म्हणून सिलिंडराबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीत निदान नसावे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना व येताना किती फेरे लागतात, चक्र जड की लिबलिबीत की सरकते, टाकीतील तेल किती उतरले आणि ते फेसाळ आहे की पाणी शिरल्याने दुधाळ, एवढे लिहिले तरी पुरे. दांड्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सील फार काळ टिकणार नाही, हे कारागीर स्वतःच पाहील. सिलिंडर परत बसविल्यावर मात्र काम संपत नाही : नळ्या सोडल्या तेव्हाच हवा आत शिरलेली असते. टाकी भरती ठेवून, सिलिंडरावरील हवेचे स्क्रू आळीपाळीने सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत चक्र दोन्ही बाजूंना सावकाश फिरवावे लागते, आणि मग फेरे पुन्हा मोजावे लागतात.