चाळीस फायली, उरली एक

एका वर्गातल्या चाळीस मुलांचे प्रकल्प संगणकावर एका फोल्डरमध्ये ठेवले आहेत असे समजू. फायलींना हजेरी क्रमांकाचीच नावे आहेत : १, २, ३ ... ४०. वर्गात नवी मुलगी आली आणि आडनावाच्या क्रमाने तिला पहिला क्रमांक मिळाला. आता प्रत्येक फायलीचा क्रमांक एकाने वाढवायला हवा. हे काम आपण पायथन भाषेतल्या चार-पाच ओळींवर सोपवतो.

सुरुवातीलाच 'फाइल सापडत नाही' अशी तक्रार येते. फाइल तर समोर दिसते आहे! गोम अशी, की फोल्डरमधली यादी मागितली तर पायथन फक्त नावे देते, पत्ता देत नाही. नुसते नाव दिले, की संगणक ती फाइल प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवला तिथे शोधतो. नावाआधी फोल्डरचा पत्ता जोडला, की ही तक्रार मिटते.

खरा धोका पुढेच आहे. समजा, आपण १ पासून सुरुवात केली. विंडोजवर 'या नावाची फाइल आधीच आहे' असे सांगून काम थांबते. लिनक्सवर मात्र जुनी २ मुकाट्याने पुसली जाते आणि १ तिच्या जागी बसते. पुढच्या पायरीला हीच फाइल ३ होते, मग ४. शेवटी ४१ नावाची एकच फाइल उरते आणि तिच्यात प्रकल्प असतो पहिल्या मुलाचा! बाकीचे एकोणचाळीस गेले, आणि पडद्यावर तक्रारीचा एक शब्दही नाही.

उपाय सोपा आहे. बाकावरच्या मुलांना एकेक जागा सरकवायचे तर आपण शेवटच्या मुलापासून सुरुवात करतो. तसेच आधी ४० ची ४१, मग ३९ ची ४० करावी. पुढची जागा नेहमी रिकामी मिळते. मात्र संगणकाच्या दृष्टीने नाव म्हणजे अक्षरे, आणि अक्षरांच्या क्रमात १० हे २ च्या आधी येते. म्हणून नावांचे आधी संख्यांत रूपांतर करून मगच उतरता क्रम लावावा.

३ आणि ७ यांची अदलाबदल करायची असेल तर? दोन पेल्यांतले दूध आणि ताक बदलायला तिसरा पेला लागतो. तसे इथे एक तात्पुरते नाव लागते.

पाच निरुपयोगी फायलींवर हा प्रयोग वर्गात जरूर करून पाहा. खऱ्या फायलींची मात्र आधी प्रत काढावी, आणि पहिल्या वेळी नावे न बदलता जुने नाव व नवे नाव फक्त पडद्यावर छापून तपासावे.