कुरुळीचा कांदा आणि मोबाइलची रेंज

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कुरुळीत मोबाइल बांधापर्यंत पोहोचला आहे. त्याने पीक वाढते का? थेट नाही, निर्णयाची वेळ साधते.

हवामान विभाग दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी सल्ला देतो. ढगाळ, दमट हवेत कांद्यावर करपा रोग बळावतो. पावसाचा अंदाज आधी कळला तर फवारणी धुऊन जात नाही. थ्री-फेज वीज रात्री आली, तर मोबाइल स्टार्टरने घरूनच पंप चालू करता येतो. चाकण बाजाराचा भाव कळला, की कांदा विकायचा की चाळीत ठेवायचा हे ठरते. २०२१पासून सरकारी ई-पीक पाहणीत पेऱ्याची नोंदही शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो.

मात्र राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन केंद्राचा सल्ला फोनवर मिळाला, तरी पाणी, मजूर आणि भांडवल नसेल तर उत्पादन वाढत नाही.