जीपखालचा संरक्षक पत्रा कसा निवडावा?

मळ्याच्या वाटेवर चाकोरीतील दगड आदळून जीपचा ऑईल चेंबर फुटला, तर ऑईल वाहून जाते आणि इंजिन जाम होते. ऐन सुगीत हे नुकसान परवडणारे नाही. त्यासाठी पोटाखाली जाड पत्रा, म्हणजेच स्किड प्लेट, बसवावी.

प्रथम ऑईल चेंबर, नंतर गिअरबॉक्स व डिझेलची टाकी झाकावी. ३ मि.मी. पोलादी पत्रा चौरस मीटरला सुमारे २३.५ किलो भरतो, तर ६ मि.मी. ॲल्युमिनियमचा सुमारे १६ किलो. पोलाद स्वस्त असून दगडावरून सहज घसरते, पण गंजते. ॲल्युमिनियम हलके; मात्र महाग असून लवकर खरवडते. प्लॅस्टिकचे आच्छादन चिखल अडवते, दगडाचा मार नाही.

पत्रा चासीलाच बोल्टने कसावा. चेंबर व पत्रा यांत दोन बोटे अंतर ठेवावे, अन्यथा वाकलेला पत्राच चेंबर फोडतो. ऑईल काढण्याच्या बोल्टखाली भोक व चिखल निघण्यास फटी असाव्यात. पत्र्यावर साचलेले पाचट सायलेन्सरच्या उष्णतेने पेटू शकते. ते वरचेवर काढावे. ठोकर बसून ऑईलचा लाल दिवा लागल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे.